टिपांसकट सहाशे चौदा वाक्यं

३ जून

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कागदावरचं पत्र पाहून मामाचा संगणक बिघडला असं तुला वाटेल. संगणक ठणठणीत आहे. बिघडलंय ते ईमेल. हल्ली मी दोन शब्द लिहिले की पुढचे चार ते यंत्रच सुचवतं. परवा तुला लिहायला बसलो आणि 'तुझ्या कंपनीला' एवढंच टाकलं, तर त्यानं पुढे करड्या अक्षरांत 'हार्दिक शुभेच्छा' मांडून ठेवल्या. मला जे म्हणायचं होतं ते शुभेच्छांच्या बरोबर उलट होतं. म्हटलं, शाईच बरी, ती निदान मध्ये बोलत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आजारात वाचा गेल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, तुझी मामी तुमच्या कंपनीच्या बोलक्या पाटीवर बोलते आहे. पाटी तूच आणून दिलीस, तेव्हा तुला नव्यानं काय सांगायचं? पण तू घरी नसतेस म्हणून सांगतो. डाव्या हाताच्या एका बोटानं अक्षर अक्षर शोधत एक नवं वाक्य लिहायला तिला चार-पाच मिनिटं लागतात. म्हणून तिनं लागणारी वाक्यं एकेक करून साठवली. बटण दाबलं की पाटी अख्खं वाक्य बोलते. आजच्या तारखेला अशी सहाशे चौदा वाक्यं आहेत आणि त्यातली निम्मी मला फैलावर घेण्यासाठी आहेत.

काल पाटीवर तुमच्या कंपनीचं निवेदन आलं. सुरुवातच 'एक आनंदाची बातमी!' अशी. आनंद असा, की ३१ ऑगस्टला ही पाटी कायमची बंद होणार आणि तिच्या जागी नवी, जास्त हुशार पाटी मिळणार. ती म्हणे आपणहून वाक्यं सुचवते. जुनी साठवलेली वाक्यं मात्र तिच्यात जाणार नाहीत. हे शेवटचं सगळ्यात खाली, मुंगीच्या अक्षरात.

भिंगरी, मी एकतीस वर्षं परीक्षा मंडळात निकालपत्रकांचे प्रोग्राम लिहिले. त्या काळात तीनदा यंत्रं बदलली, दोनदा भाषा बदलली, पण एकाही मुलाचा एकही गुण मागच्या यंत्रात राहिला नाही. त्याबद्दल आम्हाला कुणी हारतुरे घातले नाहीत, कारण ते आमचं कामच होतं. तुमच्याकडे एवढी शिकलेली मंडळी आहेत, त्यांना बाईची सहाशे वाक्यं इकडून तिकडे नेता येऊ नयेत?

मामीनं ते निवेदन दोनदा वाचलं, पाटी बाजूला ठेवली आणि खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. दुपारभर मला एकदाही रागावली नाही. मला त्याचीच जास्त काळजी वाटते आहे.

कळावे. लोभ आहेच, तो आहे तसा चालू ठेव. त्याला नवी आवृत्ती नको.

तुझा,
मामा


१० जून

ती. मामास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हस्ताक्षर अजून निकालपत्रकासारखं आहे, एकही ओळ खाली घसरत नाही. वाचताना हसले आणि मग कुठे तोंड लपवू असं झालं. कारण त्या निवेदनातला 'आनंद' आम्ही सात जणांनी तासभर बसून ठरवला होता. एकानं 'उत्साहाची बातमी' सुचवलं होतं, ते फार झालं म्हणून वगळलं. त्या सातांत मीही होते.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर देते. वाक्यं नेता येत नाहीत असं नाही, नेण्याचा विचारच कुणी केला नाही. ही एकच पाटी आमच्याकडे पाच वर्षांत तीन वेळा तीन भाषांत लिहून झाली आहे. नवा प्रमुख येतो, आधीच्या भाषेला नावं ठेवतो आणि आपल्या आवडीची भाषा आणतो. तो दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत जातो, भाषा आमच्या गळ्यात राहते. आत्ताचे साहेब माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत, स्वभावानं चांगले आहेत आणि रोज त्याच रंगाचा सदरा घालतात, म्हणजे म्हणे सकाळी विचार करण्यात शक्ती जात नाही. आमच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय की आम्ही माणसांचं ऐकतो. त्याच भिंतीला टेकून त्यांनी मला सांगितलं की जुन्या वाक्यांची मागणी आकड्यांत दिसत नाही.

तेव्हा आपणच करू. सहाशे बटणं, एक यादी आणि वाचणारा आवाज, एवढाच तर प्रोग्राम. पायथन भाषेत दोन रविवारचं काम. मी कॉलेजात वापरलेला लॅपटॉप तुझ्या कपाटात आहे, त्याच्या पडद्याला बोट लावलं की चालतं. आणि पाटीच्या पोटातून वाक्यं कशी काढायची ते ऑफिसात कुठे लिहून ठेवलंय मला ठाऊक आहे. गुपचूप उतरवून आणते.

मामीला सांग, रागवायचं सोडू नकोस. मामा, तुझ्या प्रकृतीला ते मानवतं.

लोभाची मागणी आकड्यांत दिसत नसली तरी आहे, हे लक्षात असू दे.

तुझी,
भिंगरी


१७ जून

चि. भिंगरीस अ. उ. आ.

गुपचूप काही आणायचं नाही. मामीची वाक्यं मामीची आहेत, ती उघड मागून घ्यायची. कंपनीचं ते कंपनीचं, त्याला हात लावायचा नाही. तुझ्या नोकरीवर गदा आली तर तुझी आई मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही, आणि या वयात मला सख्ख्या बहिणीशी वैर परवडणारं नाही.

लॅपटॉप काढला, पुसला आणि प्रोग्राम सुरूही केला. पास्कलमध्ये. आता नाक मुरडू नकोस. पायथनबद्दल माझं मत वाईट नाही. ओळीच्या डावीकडचा समास चुकला की ती भाषा कामच करत नाही हे मला मनापासून पटतं. आमच्या मंडळात समास चुकवणाऱ्याशी हेडसाहेब दिवसभर बोलत नसत. पण तिला 'डबा आण' म्हटलं की केवढा, कशाचा, झाकणाचा की बिनझाकणाचा हे न विचारताच ती धावत सुटते. पास्कल आधी सगळं वदवून घेते आणि मगच हलते. जावास्क्रिप्टचं तर नाव काढू नकोस. अंकातला पाच आणि अक्षरांत लिहिलेला पाच एकच का, असं तिला विचारलं की ती म्हणते, तुम्हाला हवं असेल तर एकच. असल्या होयबाला मी निकालाच्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नसतं. तू मागे म्हणालीस त्या रस्टबद्दलही वाचलं. ही वस्तू कुणाची, उसनी घेतली का, परत कधी करणार, असं दर ओळीला विचारते. बाई आवडली मला. पण बोलणी खायची सोय घरात आहे, बाहेरून आणखी नको.

वाक्यं मिळवायचा एक मार्ग मला सुचला होता. मामीनं एकेक बटण दाबायचं, पाटी बोलणार आणि मी वहीत उतरवणार. तीन दिवसांत साठ वाक्यं झाली. चौथ्या दिवशी मी पेन्सिलीला टोक करून बसलो, तर तिनं वहीवर हात ठेवला आणि मान हलवली. दमली असेल म्हणून मी उद्यावर ढकललं. उद्याही तेच. तिला वाक्यांखेरीज आणखी काहीतरी हवं आहे आणि काय ते मला सांगायचं नाहीये. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं तरी कळायला लागलंय.

बाकी क्षेम. तुझ्या आशीर्वादांचा साठा वाढवला आहे, तो कुठल्याही यंत्रात बसतो.

तुझा,
पास्कलवाला मामा


१९ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

बोट एकच आहे म्हणून थोडक्यात लिहिते. हे पत्र तीन दिवस चाललंय. ह्यांना स्क्रू आणायला पाठवून छापून घेतलं. स्क्रू नको आहेत.

नवी पाटी मी दवाखान्यात पाहिली. 'मला' एवढं लिहिलं. तिनं सुचवलं, भूक लागली आहे. मग सुचवलं, झोप येते आहे. मग, धन्यवाद म्हणायचे आहे. मला त्यातलं काहीच म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं की मला हा पंखा बघवत नाही, केवढी धूळ. तिथल्या मुलीनं कौतुकानं विचारलं, किती हुशार आहे ना? मी धन्यवाद दाबलं. दुसरं काय करणार?

आता खरं सांगते. जुन्या पाटीत प्रत्येक वाक्याखाली एक बारीक जागा असते. टीप म्हणून. तिथे लिहिलेलं पाटी बोलत नाही. मी तिथे लिहिते. वाक्य लोकांसाठी असतं, टीप माझी असते. तोंड चालत होतं तेव्हा अर्धं बोलायचे आणि अर्धं पुटपुटत ओट्याकडे जायचे. आता पुटपुटता येत नाही. ते मी तिथे ठेवते.

वाक्यं ह्यांनी वहीत उतरवली असती. टिपा मी ह्यांच्या हातात देणार नाही. वाक्यं गेली तर पुन्हा बनवीन. टिपा गेल्या तर माझी चार वर्षं गेली. मला टिपा हव्यात, भिंगरी. तेवढं कर.

तुझ्या मामांना यातलं काही कळवू नकोस. पास्कल, पास्कल करत खूश आहेत. असू देत.

जीव लावतेसच, तसाच लाव.

तुझी,
मामी


२७ जून

ती. मामीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. आमच्याकडे बसायला झोपाळे आहेत, गोल गाद्या आहेत, पण रडायला जिनाच लागतो.

तुझ्यापासून लपवून ठेवणं मला जमणार नाही. टिपांची जागा नव्या पाटीतून मी काढली. दीड वर्षापूर्वी बैठकीत पडद्यावर तक्ता होता. टीप लिहिणारे शंभरात दोन. साहेबांनी विचारलं, ठेवायची की काढायची? काढायची म्हणून पहिला हात माझा वर गेला. पडदा कसा मोकळा, स्वच्छ दिसेल यावर मी पाच मिनिटं बोलले आणि मला शाबासकी मिळाली. त्या दोनांतली एक तू असशील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तिकडे येऊन मी तुझ्याशेजारी बसून गप्पा मारायचे आणि तू वाक्याखाली काय टिपतेस हे कधी विचारलं नाही. माझं चुकलं, मामी.

काल साहेबांकडे गेले. म्हटलं, पाटी बंद करायची तर करा, पण बंद होण्याआधी प्रत्येकाला आपली वाक्यं टिपांसकट उतरवून घेता येतील असं एक बटण द्या. त्यांनी शांतपणे ऐकलं, छान मुद्दा आहे म्हणाले आणि तो कामांच्या यादीत टाकला. यादीत त्याचा नंबर दोनशे बारावा आहे. आम्ही महिन्याला नऊ कामं करतो. पुढचं गणित मामाला घालू नकोस, तो चिडेल.

पण वीस जुलैला अख्ख्या कंपनीची सभा असते. तिथे कुणीही उठून बोलू शकतं, असं म्हणतात. आजवर कुणी उठलेलं मी पाहिलं नाही. मी उठणार आहे.

माझ्यावर राग धर, पण लोभाच्या खाली टीप म्हणून धर.

तुझी,
भिंगरी


२१ जुलै

ती. मामास सा. न. वि. वि.

मिळालं! बटण मिळालं! आता नीट सांगते.

काल सभेत साहेबांचं भाषण झालं. आपण सगळे एक कुटुंब आहोत असं चार वेळा म्हणून झाल्यावर कुणाला काही विचारायचंय का, असं त्यांनी विचारलं. मी उठले. समोरच्या खुर्चीची पाठ धरली. मी सांगितलं की आपल्या पाटीवर एक बाई चार वर्षं बोलते आहे, ३१ ऑगस्टला आपण तिचं बोलणं पुसणार आहोत आणि त्याला आनंदाची बातमी म्हणतो आहोत. साहेबांनी विचारलं, अशा बायका किती? मला एकच माहीत होती.

तेवढ्यात मागून तक्रारींना उत्तरं देणाऱ्या बाई उठल्या. त्या तळमजल्यावर बसतात, आम्ही वरच्यांनी त्यांना कधी नीट पाहिलेलंही नाही. त्या म्हणाल्या, आकडा माझ्याकडे आहे, जूनपासून रोज चाळीस पत्रं येतात, मी दर सोमवारी वर पाठवते आणि वरून 'छान' असं उत्तर येतं. मग त्यांनी एक पत्र वाचून दाखवलं. ते फुटबॉलच्या एका म्हाताऱ्या पंचाचं होतं. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तो दर शनिवारी मैदानाच्या कडेला उभा राहून पाटीवरून पोरांवर ओरडतो. त्याची छप्पन्न वाक्यं नुसती ओरडण्याची आहेत आणि नवी पाटी त्याला 'कृपया' सुचवते. सगळे हसले. साहेबही हसले. मग त्यांनी मला विचारलं, बटणाला किती दिवस लागतील? मी म्हटलं, एक दुपार. एका दुपारचं काम जवळजवळ महिनाभर का पडून राहिलं, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. आणि ते यादीत मीच टाकलं, असं स्वतःच मोकळेपणी म्हणाले. मला माणूस आवडला.

आज दुपारी ते लिहिलं. वरचे दोन थर खरवडल्यावर खाली सगळं सी भाषेत निघालं. कुण्या गेलेल्या माणसानं अगदी निगुतीनं लिहिलेलं, नावं अशी सरळ की वाचत गेलं की कळतं. तुला तो माणूस आवडला असता. टिपाही निघतील हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, कुणाची हरकत नव्हती. फक्त कायदेखात्यानं बटण जरा आडबाजूला ठेवायला लावलं. तेव्हा नीट लक्ष दे. उजव्या कोपऱ्यातलं चाक, तिथून 'इतर', 'इतर'मध्ये खाली जाऊन 'आणखी', तिथे 'जुने' दिसेल ते सोडून पुढचं 'संकीर्ण', आणि त्याच्याही तळाशी करड्या रंगात बटण आहे. एखाद्याचं घर सापडू नये म्हणून सांगतात तसा पत्ता आहे, पण घर आहे.

आता एक अट, मामीला विचारूनच सांगते आहे, आणि ती तिचीच आहे. जी फाईल निघेल तिच्यात प्रत्येक वाक्याखाली ताऱ्याचं चिन्ह असलेली एक ओळ असेल. ती मामीची खाजगी टीप. तुझ्या प्रोग्रामनं ती सांभाळायची, पण बोलायची नाही. आणि तू फाईल उघडून वाचायची नाहीस. शपथ घे.

तुझ्या लोभावर माझी सगळी मदार आहे, पास्कल असलं तरी.

तुझी,
भिंगरी


९ ऑगस्ट

चि. भिंगरीस अ. उ. आ.

शपथ मी पाळली. फाईल काढली, न बघता प्रोग्रामात घातली. कुलूपबंद प्रश्नपत्रिका एकतीस वर्षं हाताळल्या आहेत, मला त्याची सवय आहे. जे झालं ते शपथ पाळल्यामुळेच झालं.

यादी वाचायच्या कामाला मी मंडळातला माझा जुना तुकडा जसाच्या तसा उचलून आणला. कधीच न चुकलेला. आता मंडळात तारा म्हणजे काय? तारा म्हणजे वरच्या मुलाबद्दलचा शेरा, आणि तो वरच्या ओळीबरोबर छापायचाच. निकालात एक ओळ गाळली तर एखाद्या पोराचं वर्ष जातं. त्यामुळे माझा हात आणि माझा प्रोग्राम दोघेही ओळ गाळत नाहीत. माझ्या मनानं बनवलेल्या तीन वाक्यांवर मी चाचणी घेतली होती. त्यांना टिपा नव्हत्या. सगळं उत्तम चाललं आणि मी रविवारी दुपारी उद्घाटन ठेवलं. तुझी आई आली होती आणि शेजारचे वकीलसाहेब आले होते.

मामीनं पहिलं बटण दाबलं. लॅपटॉप खणखणीत आवाजात वकीलसाहेबांना म्हणाला, या, बसा, किती दिवसांनी आलात! आणि दम न खाता पुढे म्हणाला, वीस मिनिटांनी 'औषधाची वेळ झाली' हे बटण दाबणे, म्हणजे उठतील.

मला वाटलं यंत्र भरकटलं. मामीनं घाईघाईनं तुझ्या आईकडे वळून दुसरं बटण दाबलं. ताई, हा रंग तुम्हाला फार खुलतो. कुठल्याही रंगाला हेच म्हणायचं, वाद नको. तुझी आई आधी लाल झाली आणि मग अशी हसत सुटली की तिला पाणी द्यावं लागलं. वकीलसाहेबांनी घड्याळ काढून समोर ठेवलं आणि आपल्याकडे अजून सतरा मिनिटं आहेत असं जाहीर केलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो, तेव्हा काहीतरी सावरावं म्हणून मामीनं चहाचं बटण दाबलं. चहा छान झालाय. पाणचट, पण मन लावून करतात. भिंगरी, चार वर्षं मी तोच चहा अभिमानानं करतो आहे!

मामी हसत होती. आजारानं तिचं बोलणं नेलं, हसणं राहिलं, आणि ते इतकं मोठ्यानं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसली आणि मला हातानं खुणावत राहिली; पुरे, आधी दुरुस्त करा, असं तिला म्हणायचं होतं हे मला मागाहून कळलं. तेव्हा खुणा मला कळेनात, म्हणून हसता हसताच तिनं रोज संध्याकाळी दाबते ते बटण दाबलं. तुम्ही जरा फिरून या, मी ठीक आहे. आणि लॅपटॉप पुढे म्हणाला, ठीक नसले तरी हेच दाबायचं, नाहीतर हे दाराबाहेर पाऊल टाकणार नाहीत.

वकीलसाहेबांनी घड्याळ खिशात घातलं.

चार वर्षं मी रोज पाच वाजता फिरायला जातो. मला वाटायचं, हिला तासभर एकटीला बरं वाटत असेल. मी तर माझ्या मित्रांना सांगतो की आमचं हिच्यामुळे शिस्तीत चाललंय. त्या चौदाशे संध्याकाळींपैकी किती वेळा ती ठीक नव्हती, हे आता मला कधीच कळणार नाही. मी ट्रे खाली ठेवला आणि तिच्या शेजारी बसलो. तिनं माझ्या गुडघ्यावर थापटलं आणि पुन्हा हसायला लागली, त्यामुळे मलाही हसावं लागलं.

चूक एका ओळीची होती, पाच मिनिटांत निघाली. टिपा आता मुक्या आहेत. पण तू मला एक सांग. संध्याकाळी फिरायला जाऊ की नको? गेलो तर मी दगड. न जावं तर तिनं चार वर्षं माझ्यासाठी जे जपलं ते मोडल्यासारखं होतं. आत्ता तरी चपला घालतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो.

तुझ्या लोभात आम्हा दोघांना ठेव. आणि चहात साखर किती, पत्ती किती, हे लिहून पाठव.

तुझा,
मामा


२ सप्टेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

हे पत्र तीन दिवसांचं आहे.

परवा दुपारी बारा वाजता पाटी बंद झाली. आधी पडद्यावर आलं, तुमच्यासोबतचा प्रवास सुंदर होता. मी उत्तर लिहीत होते. 'तुमच्या' इथवर आले आणि ती विझली. ह्यांचा चेहरा पाहवेना. मी लॅपटॉप ओढला आणि बटण दाबलं, असे उभे काय, पाने खाली पडलीत कुंडीची. ह्यांना केवढा आनंद झाला! धावत पानं उचलली.

लॅपटॉपचा आवाज बाप्याचा आहे. घसाही बसलेला. मी रागावले की ह्यांना हेडसाहेबांची आठवण येते आणि हे ताठ उभे राहतात. म्हणून तो आवाज बदलायचा नाही असं मी सांगितलंय.

सहाशे चौदा वाक्यं आली. टिपा आल्या. सगळ्या. मी एक दिवस बसून पहिल्यापासून वाचल्या. पहिल्या वर्षाच्या फार कडू आहेत. तिथे मी फार रडले होते असं दिसतं. नंतर नंतर मी गंमत करायला लागले. ते माझं मलाच नव्यानं कळलं. हे सगळं गेलं असतं, भिंगरी. तू हात वर करून घालवलं होतंस आणि तूच उठून परत आणलंस. फिटलं. पुन्हा जिन्यात बसायचं नाही.

तुझ्या त्या पंचांचं पत्र आलं. तक्रारींच्या बाईंनी पत्ता दिला. ह्यांनी त्यांना प्रोग्राम पाठवला. त्यांना आता शिट्टीपण हवी आहे. शिट्टी पास्कलमध्ये कशी वाजवतात यावर हे तीन दिवस बसलेत. आणखी अकरा जणांची पत्रं आलीत. घरात टपालवाला रोज येतो. मी त्याच्यासाठी दोन वाक्यं केली.

ह्यांनी माझ्या टिपांना कुलूप घातलंय. किल्ली म्हणजे एक शब्द. तो मी टाकेपर्यंत हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. झालं म्हणून सांगायला मला बटण सापडेना, तोवर तसेच उभे.

तुला ह्यांनी विचारलं होतं म्हणे, संध्याकाळी फिरायला जाऊ की नको. तू उत्तर दिलं नाहीस. शहाणी आहेस. ते मी द्यायचं होतं. आठवडाभर मनात घोळवलं. लिहायला चार मिनिटं लागली. सहाशे पंधरावं.

काल पाच वाजता हे चपला घालत होते, तेव्हा दाबलं. आज जाऊ नका. बसा माझ्याजवळ.

हे एका पायात चप्पल घालून तसेच बसले. अंधार पडेपर्यंत.

त्या वाक्याखाली टिपेची जागा आहे. तिथे लिहायला माझ्याकडे काही नव्हतं.

लोभ असू दे, आणि वरचेवर लिहीत जा.

तुझी,
मामी